काय सापडलं ते छापलंत, कसं कळलं ते राहिलं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'तिसऱ्या जातीचं चुंबक' हा पानभर लेख वाचला. राशिभविष्याच्या शेजारी का होईना, भौतिकशास्त्राला जागा मिळाली, त्याबद्दल आधी आभार. ऑल्टरमॅग्नेट (अणूंच्या चुंबकांची बेरीज शून्य, तरी काही गुण लोहचुंबकाचे, असा पदार्थ) ही काय भानगड आहे ते लेखकाने सोप्या भाषेत सांगितलंय आणि बरंचसं बरोबर सांगितलंय. तक्रार दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे ती पिवळी चौकट, जिच्यात अँटिफेरोमॅग्नेट म्हणजे 'आजवर कुणाच्याच उपयोगी न पडलेले पदार्थ' असं ठोकून दिलंय. आणि दुसरं असं, की अणूंची चुंबकं या पदार्थांच्या पोटात कशी वर-खाली मांडलेली असतात याच्या तीन-तीन आकृत्या छापल्यात, पण ही मांडणी माणसाला कळली कशी याबद्दल अख्ख्या पानात चकार शब्द नाही. जणू कुणीतरी भिंग लावलं आणि बाण दिसले.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हा विषय असतो. पुस्तकात त्याला अर्धं पान: बाणांची आकृती, तापमानाचा आलेख, नील तापमानाची, म्हणजे ज्याच्या वर ही वर-खाली मांडणी मोडते त्या तापमानाची, व्याख्या. परीक्षेत दोन गुण. मुलं पाठ करतात आणि पुढे सरकतात, आणि त्यांतलीच काही पुढे वर्तमानपत्रांत लेख लिहितात. त्या अर्ध्या पानात जे नसतं ते इथे लिहिते आहे. पत्र लांबणार हे मला कळतंय. कात्री तुमच्या हातात आहे. फक्त निकेल ऑक्साइडचा परिच्छेद कापू नका.

साध्या लोहचुंबकात अणूंची चुंबकं एका दिशेला तोंड करून असतात, म्हणून त्याला टाचण्या चिकटतात. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये शेजारचा अणू बरोबर उलटा. बेरीज शून्य. बाहेरून बघाल तर दगड तो दगड, होकायंत्राची सुई ढिम्म हलत नाही. लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात अशी मांडणी असली पाहिजे असं म्हटलं, तेव्हा त्याच्या हाताशी पुरावा होता तो आडून आलेला. काही पदार्थ तापवत नेले की बाहेरच्या चुंबकाला ते देत असलेला प्रतिसाद आधी वाढतो आणि एका ठरावीक तापमानानंतर उतरायला लागतो, एवढंच. शिवाय पुंजयांत्रिकीच्या काटेकोर हिशेबात ही सरळसोट उलटसुलट रांग टिकणारी स्थिती ठरतच नव्हती, त्यामुळे भल्याभल्यांना शंका होती. कागदावर वाद चालू राहिला.

निकाल लागला १९४९ साली, अमेरिकेत ओक रिजच्या अणुभट्टीवर. शल आणि स्मार्ट या दोघांनी मँगनीज ऑक्साइडची पूड न्यूट्रॉनच्या झोतात धरली. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो अणूंच्या गर्दीतून सहज आत शिरतो. पण तो स्वतः एक चिमुकलं चुंबक असतो, त्यामुळे आतली चुंबकं कुठल्या दिशेला आहेत हे त्याला जाणवतं आणि त्याप्रमाणे तो वळतो. कुठल्या कोनाला किती न्यूट्रॉन वळले याचा खोलीच्या तापमानाला जो आलेख मिळाला त्यात विशेष काही नव्हतं. मग नमुना ८० केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली १९३ अंशांपर्यंत थंड केला आणि आलेखात नवी शिखरं उगवली. अशा कोनांना, जिथे क्ष-किरणांच्या मते, म्हणजे नुसत्या अणूंच्या जागा पाहता, काही असायलाच नको होतं. त्या कोनांवरून गणित केल्यावर निघालं, की चुंबकीय मांडणी जिथून पुन्हा सुरू होते ते अंतर अणूंच्या मांडणीच्या दुप्पट आहे. एकाआड एक थर उलटा असेल तरच असं होतं. नीलच्या बाणांना पहिल्यांदा पुरावा मिळाला तो असा. तुमच्या लेखातल्या तिन्ही आकृत्या याच जातीच्या प्रयोगांतून उतरलेल्या आहेत.

ही झाली जागच्या जागी उभी असलेली मांडणी. खरी गोष्ट ती हलायला लागली की सुरू होते, आणि 'मॅग्नॉन' हा शब्द तुमच्या लेखात दोनदा येऊनही तिथेच तो अधांतरी राहिलाय. वर्गात मी लेझीमचं उदाहरण द्यायचे. रांगेत एकाआड एक मुलं उलट तोंडाने उभी आहेत, एकाचा ठेका किंचित चुकला, की शेजारच्याचा चुकतो, आणि ती चूक लाटेसारखी टोकापर्यंत जाते. लाट किती जोरात पळते यावरून मुलं एकमेकांना किती घट्ट धरून नाचताहेत ते कळतं. अणूंच्या रांगेतल्या अशा लाटेला स्पिनलहर म्हणतात आणि तिच्या सगळ्यात लहान हप्त्याला मॅग्नॉन.

ही लहर मोजायची कशी? न्यूट्रॉन आत जातो, एक मॅग्नॉन उठवतो आणि तेवढी ऊर्जा गमावून बाहेर येतो. किती ऊर्जा गमावली आणि किती वळला, एवढं मोजलं की लहरीची ऊर्जा आणि लांबी दोन्ही हाती लागतात. निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे. अणुभट्टीतल्या जड पाण्यात आपटून आपटून निवलेला न्यूट्रॉन सेकंदाला साधारण २२०० मीटर वेगाने येतो, त्याची ऊर्जा २५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं हे माप) आसपास आणि तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर याच मापाचं, आणि ऑक्साइडांतल्या बऱ्याच स्पिनलहरींची ऊर्जाही याच पट्टीतली. तेवढ्याच तरंगलांबीच्या क्ष-किरणाची ऊर्जा याच्या पावणेतीन लाख पट असते. त्यातून दहा-वीस मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट कमी झाले हे ओळखणं किती अवघड असेल ते बघा. गेल्या दीड-दोन दशकांत मोठ्या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रांवर) क्ष-किरणांनाही ही कला काही पदार्थांपुरती साधली आहे, हे सांगायला हवं. पण पाया घातला तो न्यूट्रॉननेच.

त्यासाठीचं यंत्र कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउसने १९५०च्या दशकात उभं केलं. त्याला तिहेरी अक्षाचा वर्णपटमापक म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे 'ट्रिपल ॲक्सिस' म्हणतात, मीही तेच म्हणते. पहिल्या अक्षावरचा स्फटिक भट्टीतून येणाऱ्या सरमिसळ झोतातून एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडतो, दुसऱ्यावर आपला नमुना, आणि तिसऱ्यावरचा स्फटिक बाहेर आलेल्यांची ऊर्जा तपासतो. तिन्ही कोन एकेक पाऊल फिरवत राहायचं आणि प्रत्येक जागी न्यूट्रॉन मोजायचे. १९५७ साली ब्रॉकहाउसने मॅग्नेटाइटमधल्या, म्हणजे आपल्या काळ्या लोहचुंबक दगडातल्या स्पिनलहरी अशाच मोजल्या. त्याला आणि शलला नोबेल मिळालं ते १९९४ साली. शलबरोबर सुरुवातीपासून असलेला अर्नेस्ट वोलन त्याच्या दहा वर्षं आधीच वारला होता. नोबेल समितीचं हे जुनंच दुखणं.

आता निकेल ऑक्साइड. मिठासारखी साधी रचना: निकेल, ऑक्सिजन, निकेल, ऑक्सिजन. यात एका निकेलला सगळ्यात जवळचा दुसरा निकेल २.९५ अँगस्ट्रॉमवर असतो, तिरका. त्याच्या पलीकडचा ४.१८ अँगस्ट्रॉमवर, आणि या दोघांच्या बरोबर मध्ये ऑक्सिजन उभा. साधी अक्कल सांगते की जवळच्याचा जोर जास्त असणार. १९७२ साली हचिंग्ज आणि सॅम्युएल्सन यांनी निकेल ऑक्साइडच्या स्फटिकातल्या स्पिनलहरी न्यूट्रॉनने मोजून काढल्या. या लहरी ऊर्जेत ११५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्याही वर चढतात. त्या आलेखाच्या चढावरून अणूंमधल्या ओढीचा हिशेब केला तेव्हा उलटंच निघालं: लांबच्या, ऑक्सिजनपलीकडच्या निकेलशी नातं सुमारे १९ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचं, आणि जवळच्याशी जेमतेम दीडेकचं, तेही उलट चिन्हाचं. म्हणजे ज्या ऑक्सिजनला स्वतःला चुंबकत्व नाही तोच मध्ये उभा राहून दोन निकेलना एकमेकांच्या विरुद्ध बांधून ठेवतो. क्रेमर्सने १९३४ मध्ये हे सुचवलं होतं, अँडरसनने पुढे गणित मांडलं, पण प्रत्येक नात्याचा आकडा वेगवेगळा सुटा करून टेबलावर ठेवला तो न्यूट्रॉनने. निकेल ऑक्साइड २५० अंश सेल्सिअसपर्यंत शिस्त का सोडत नाही आणि त्याच रचनेचं मँगनीज ऑक्साइड शून्याखाली १५५ अंशांनाच का सोडतं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. बाणांच्या आकृतीत ते नाही. हा परिच्छेद कापू नका, असं मी उगाच म्हटलं नव्हतं.

(या दोघांच्या मधलं भावंड म्हणजे कोबाल्ट ऑक्साइड. त्याची शिस्त सतरा-अठरा अंश सेल्सिअसला मोडते. म्हणजे डिसेंबरात महाबळेश्वरला त्याची बाटली खिडकीत ठेवली तर रात्री अँटिफेरोमॅग्नेट आणि दुपारी नाही. मुलांना हे सांगितलं की वर्ग हसायचा आणि नील तापमान लक्षात राहायचं.)

आणि हे पदार्थ काही परदेशी प्रयोगशाळेतच जन्मत नाहीत. आमच्याकडे रेडीच्या खाणीतून आणि खाली गोव्यातून जे लोहखनिज बोटीने गेलं, त्यात हेमॅटाइट आहे. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू म्हणजे मुख्यतः तेच. हेमॅटाइट हे अस्सल अँटिफेरोमॅग्नेट आहे, आणि त्याची शिस्त मोडायला जवळजवळ ६८० अंश सेल्सिअस लागतात. पण त्याचा एक विक्षिप्तपणा आहे. शून्याखाली साधारण १३ अंशांच्या खाली त्याचे बाण सरळ उभे असतात. त्याच्या वर गेलं की ते आडवे पडतात आणि एकमेकांच्या बरोबर समोर न येता किंचित तिरके होतात. त्या तिरकेपणामुळे बेरीज अगदी शून्य होत नाही आणि अतिशय क्षीण चुंबकत्व उरतं. हे असं का, ते रशियाच्या झ्यालोशिन्स्कीने १९५०च्या दशकाच्या अखेरीला समजावलं. कोकणात कधी शून्याखाली पारा गेल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा आमच्याकडचं हेमॅटाइट कायम आडवंच. तुमच्या लेखात ज्या नव्या ऑल्टरमॅग्नेटची यादी आहे, तशा याद्यांत सिद्धांतवाले हेमॅटाइटचंही नाव घेतात. लेखकाने ते घेतलं असतं तर दक्षिण कोकणातल्या वाचकांनी लेख शेवटपर्यंत वाचला असता.

आता त्या चौकटीकडे वळते. 'कुणाच्याच उपयोगी न पडलेले' हे लिहिणाऱ्याला एक मोठा आधार आहे, खुद्द नीलचा. १९७० साली नोबेल घेताना त्यानेच म्हटलं होतं, की हे पदार्थ सिद्धांताच्या दृष्टीने फार रंजक आहेत, पण त्यांचा काही उपयोग दिसत नाही. गंमत अशी की उपयोगाची गुरुकिल्ली तेव्हा चौदा वर्षं जुनी होती. १९५६ साली माइकलजॉन आणि बीन यांना कोबाल्टच्या बारीक कणांवर कोबाल्ट ऑक्साइडचा थर असताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती: आतल्या लोहचुंबकाची दिशा बाहेरच्या अँटिफेरोमॅग्नेटने जणू खिळवून ठेवली होती. पुढे १९८८ मध्ये पॅरिस आणि जर्मनीतल्या दोन गटांनी पातळ थरांच्या विद्युतरोधात चुंबकामुळे होणारा प्रचंड फरक शोधला आणि नव्वदीच्या अखेरीस त्यावर चालणारं वाचनशीर्ष हार्ड डिस्कमध्ये आलं. त्या शीर्षातला एक थर हलता ठेवायचा आणि दुसरा पक्का, तर पक्का ठेवणार कोण? त्याला चिकटवलेला अँटिफेरोमॅग्नेटचा थर. त्या काळात ज्यांनी संगणक वापरला, ज्यांनी बँकेत पासबुक छापून घेतलं, त्यांची माहिती अँटिफेरोमॅग्नेटच्या भरवशावर वाचली जात होती. चौकटीत दुरुस्ती छापा.

आणि लेखात रुथेनियम डायऑक्साइडचा जो गौरव झालाय त्याबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण 'कसं कळलं' हे वगळलं की काय होतं ते तिथे दिसतं. हा पदार्थ पूर्वी साधा धातू समजला जायचा, चुंबकत्व नसलेला. २०१७ साली न्यूट्रॉनच्या प्रयोगात त्यात अँटिफेरोमॅग्नेटची खूण असलेलं एक फार क्षीण शिखर दिसलं. त्या क्षीण शिखराच्या पायावर पुढच्या काही वर्षांत ऑल्टरमॅग्नेटचा मोठा डोलारा उभा राहिला आणि हा पदार्थ त्याचं आदर्श उदाहरण ठरला. मग २०२४ मध्ये म्यूऑन (इलेक्ट्रॉनच्याच जातीचा, पण जड कण) वापरून आणि पुन्हा न्यूट्रॉन वापरून तपासणी झाली, आणि चांगल्या स्फटिकांत चुंबकत्व मुळी सापडलंच नाही. न्यूट्रॉन एकाच स्फटिकात दोनदा वळला, तर जिथे शिखर नसावं तिथेही खोटं शिखर उभं राहतं. आधीच्या शिखराचा खुलासा असा दिला गेला. पातळ थरांबद्दल वाद अजून चालू आहे. यात कुणी लबाडी केली नाही. मोजमाप असंच असतं, कुणीतरी दुसऱ्यांदा मोजावं लागतं. पण तुमच्या लेखात रुथेनियम डायऑक्साइड अजून पहिल्या क्रमांकावर दिमाखात बसलंय. कसं कळलं याची चौकशी लेखकाने केली असती, तर ते खाली उतरलं असतं आणि मँगनीज टेल्युराइड वर आलं असतं, ज्याचा पुरावा आज बराच भक्कम आहे.

हे सगळं ओक रिज, चॉक रिव्हर असं चाललंय म्हणून वाचकाला वाटेल की आपला संबंध काय. संबंध आहे, आणि माझ्या रागाचं खरं कारण तेच आहे. ट्रॉम्बेला 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. त्याच सुमारास ट्रॉम्बेचे भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार चॉक रिव्हरला ब्रॉकहाउसबरोबर काम करत होते; जर्मेनियमच्या स्फटिकातल्या कंपनांवरचा त्या दोघांचा १९५८चा निबंध आजही संदर्भ म्हणून घेतात. परत आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनची यंत्रं इथेच बनवली. विकत आणली नाहीत, बनवली. साठच्या दशकात फिलिपाइन्सच्या अणुभट्टीसाठी न्यूट्रॉनचं यंत्र ट्रॉम्बेहून गेलं. १९६० पासून 'सायरस', १९८५ पासून १०० मेगावॅटची 'ध्रुव'. सायरस २०१० च्या शेवटच्या दिवशी बंद झाली; अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वेळी तसं ठरलं होतं. त्या वेळच्या बातम्यांत बॉम्ब होता, राजकारण होतं, प्लुटोनियम होतं. तिथल्या झोतांवर किती स्फटिक तपासले गेले याची एक ओळ मी शोधत होते. सापडली नाही.

मी स्वतः नव्वदीच्या दशकात ध्रुववर गेले होते, पीएच.डी.च्या नमुन्यासाठी. लँथॅनम फेराइट. कॉलेजात एवढी तापणारी भट्टी नव्हती म्हणून विद्यापीठाच्या मफल भट्टीत रात्र-रात्र भाजलेली, अगेटच्या खलात घोटलेली तांबूस तपकिरी पूड. एस.टी.च्या रातराणीने मुंबई, पिशवीत पुडीची बाटली आणि ज्यांच्याकडे उतरायचं त्यांच्यासाठी काजूगर. फाटकावरचा पास, छातीला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, आणि मग तो प्रचंड हॉल. पूड व्हॅनेडियमच्या नळीत भरतात. व्हॅनेडियम न्यूट्रॉनना सगळीकडे सारखं उधळतो म्हणून त्याची स्वतःची शिखरं आलेखात लुडबुड करत नाहीत. भोवती कॅडमियमचे पत्रे, कारण कॅडमियम न्यूट्रॉन गिळतो. क्ष-किरणांचा आलेख आमच्याकडे अर्ध्या तासात व्हायचा, इथे एका आलेखाला पुरा दिवस. न्यूट्रॉन मुळात थोडे, आणि पदार्थाशी त्यांची गाठ क्वचित पडते. आकडे हळूहळू साठत होते. आणि क्ष-किरणांच्या आलेखात जिथे जेमतेम एक उंचवटा होता, तिथे ठसठशीत शिखर वर आलं. शेजारच्या लोह अणूंची तोंडं सगळ्या बाजूंनी उलटी असल्याची ती खूण. पुस्तकातली बाणांची आकृती मी तोवर इतक्यांदा फळ्यावर काढली होती, की तिच्यामागे असा एखादा दिवस असतो हे विसरूनच गेले होते.

माझं काम या विवर्तनापुरतंच, म्हणजे न्यूट्रॉन कुठल्या कोनांना वळतात ते पाहण्यापुरतंच होतं. पलीकडे ट्रिपल ॲक्सिसवर बसलेल्यांचं काम याहून चिवट. त्यांना पूड चालत नाही, ग्रॅमभर तरी वजनाचा एकसंध स्फटिक लागतो, आणि एका लहरीचा नकाशा काढायला दिवसच्या दिवस जातात. चांगला मोठा स्फटिक वाढवणारा माणूस या धंद्यात सोन्याच्या मोलाचा, आणि निबंधात त्याचं नाव बहुधा मधेच कुठेतरी.

आपल्या सोयीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर हे पत्र सरकारी जाहिरात होईल. ध्रुव १०० मेगावॅटची आणि फ्रान्समधली ग्रनोबलची भट्टी ५८ मेगावॅटची, तरी ग्रनोबलचा न्यूट्रॉन झोत ध्रुवपेक्षा सुमारे आठपट दाट. ध्रुवमध्ये नैसर्गिक युरेनियम जळतं. ग्रनोबलचा गाभा समृद्ध युरेनियमचा आणि अगदी आटोपशीर, केवळ झोतासाठी बांधलेला. शिवाय काही पदार्थांच्या लहरी कुठल्याच साध्या भट्टीच्या आवाक्यात येत नाहीत. लँथॅनम कॉपर ऑक्साइड घ्या. यातच थोडं बेरियम मिसळल्यावर बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना १९८६ साली उच्च तापमानाची अतिवाहकता, म्हणजे विजेला रोधच न उरणं, सापडली. त्याचं मूळ रूप अँटिफेरोमॅग्नेट आहे आणि त्यातल्या स्पिनलहरी ३०० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढतात, म्हणजे निवलेल्या न्यूट्रॉनच्या ऊर्जेच्या बारापट. तो नकाशा २००१ मध्ये पुरा झाला तो इंग्लंडमधल्या आयसिस केंद्रावर, जिथे भट्टी नाही. तिथे वेगवान प्रोटॉन जड धातूवर आपटून न्यूट्रॉनच्या ठिणग्या काढतात आणि ते किती वेळात पोचले त्यावरून त्यांची ऊर्जा मोजतात. आपल्याकडे तसा स्रोत नाही. इंदूरला तो उभारायचा आराखडा बरीच वर्षं चर्चेत आहे. तोवर आपल्या मुलांनी स्फटिक इथे वाढवायचा, अर्ज करायचा, ऑक्सफर्डशरला किंवा ग्रनोबलला चार-पाच दिवसांची पाळी मिळवायची आणि तेवढ्या दिवसांत झोप विसरायची. ती जातात, उत्तम काम करून येतात. आणि मग इथे बातमी छापली जाते की 'परदेशी शास्त्रज्ञांना आढळलं'.

मागणी दोनच. विज्ञानाचा असा लेख तुमच्याकडे आला की छापण्याआधी लेखकाला विचारा: नमुना पूड होता की स्फटिक, किती थंड किंवा गरम केला, आणि कुठल्या भट्टीवर मोजला. याची उत्तरं नसतील तर लेख परत पाठवा. आणि दुसरी, हे पत्र वाचणाऱ्या कॉलेजातल्या शिक्षकांसाठी: विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचा एक संयुक्त संघ आहे, मुख्यालय इंदूरला, एक केंद्र मुंबईत. विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या लोकांना ध्रुववर काम करता यावं हे त्याचं एक काम. आमच्या जिल्ह्यात याची माहिती असलेले शिक्षक एका हाताच्या बोटांवर मोजावेत. फेराइट भाजणाऱ्या प्रयोगशाळा पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी आहेत. कपाटात ठेवलेली सात-आठ ग्रॅम चांगली पूड विवर्तनासाठी पुरते. प्रस्ताव लिहा. नाही म्हणाले तर पुन्हा लिहा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

ता. क. लेखाशेजारी नालाच्या आकाराचं लाल चुंबक आणि त्याला लटकलेल्या टाचण्या असं चित्र आहे. लेखातल्या एकाही पदार्थाला टाचणी चिकटत नाही. चित्र हवंच असेल तर मँगनीज ऑक्साइडचे दोन आलेख एकाखाली एक छापा, वरचा ८० केल्विनचा आणि खालचा खोलीच्या तापमानाचा. वरच्यात जास्तीची शिखरं कुठली, ते सातवीतली मुलंही बोट ठेवून दाखवतील.